सिंकखाली वेस्ट डिस्पोजर बसवताय? आधी तुमचा पाईप कुठे जातो ते बघा

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली वेस्ट डिस्पोजर, म्हणजे खरकटं बारीक करून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं मशीन, बसवून आता दोन वर्षं होतील. बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, सकाळी कचरा न्यायला ताई येतात तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसच्या गडबडीत, एखाद दिवस डबा बाहेर ठेवायचा राहिला की ओला कचरा दुसऱ्या दिवसापर्यंत घरात. पावसाळ्यात तर चिलटांनी जीव नको केला होता. सासूबाईंना गुडघ्यांमुळे डबा घेऊन खाली जाणं शक्य नाही. म्हणून मशीन घेतलं, आणि बसवताना एवढ्या चुका झाल्या की काम तीन वेळा उघडून परत करावं लागलं. मशीन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं, चुका सगळ्या पाइपात आणि जोडणीत होत्या. म्हणूनच हे सगळं नीट लिहून काढतेय, तुमचा तेवढा त्रास वाचू दे.

१. हे मशीन करतं काय, ते आधी समजून घ्या

खूप जणांना वाटतं की आत मिक्सरसारखी पाती असतात. तसं नाहीये. आत एक गोल तबकडी जोरात फिरते, तिच्यावर दोन सुटे हलणारे लोखंडी तुकडे असतात, ते खरकटं बाजूच्या खरखरीत कड्यावर आपटतात आणि तिथे ते किसलं जाऊन बारीक होतं, मग पाण्याबरोबर पाइपात जातं. म्हणजे खाली जातो तो पातळ लगदा, आणि त्याला वाहून न्यायला पाणी लागतं, ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

१९२७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने हे बनवलं. तिथे आता बऱ्याच घरांत ते असतं, तिकडच्या सिंकचं भोक ठरलेल्या मापाचं आणि सिंकचा पाईप सरळ भिंतीत गेलेला. आपल्याकडची किचन तशी बांधलेली नसतात, आणि त्रास सगळा तिथूनच सुरू होतो. आणि हो, न्यू जर्सीच्या भावाला बॅगेतून आणायला सांगू नका, तिथली मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्पेअर आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

२. सिंकचं पाणी कुठे जातं ते शोधून काढा

ही पायरी सोडून कृपया पुढे जाऊ नका. मशीनचे पैसे भरायच्या आधी एक सुट्टीची सकाळ यासाठी द्या. सिंकखालचं दार उघडा, सामान बाहेर काढा, टॉर्च घ्या, आणि बादलीभर पाण्यात थोडा खायचा रंग किंवा हळद कालवून सिंकमध्ये ओता, आणि ते कुठे कुठे दिसतं ते बघत खालपर्यंत जा. आपल्याकडे साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला, पाईप सरळ भिंतीतल्या ड्रेन पाइपात गेलेला. हे सगळ्यात चांगलं. फक्त भिंतीतलं तोंड जमिनीपासून किती उंचावर आहे ते मोजून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा, प्लास्टिकचा वळ्यावळ्यांचा पाईप सिंकखालून निघून जमिनीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीवर नुसता सोडलेला. आमच्याकडे हेच होतं आणि जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक ठिकाणी हेच असतं. साध्या पाण्याला हे चालतं, लगद्याला अजिबात चालत नाही. लगदा जाळीवर बसतो, जाळी तुंबते, आणि ट्रॉलीखाली पाणी. आमचं पहिल्याच आठवड्यात असं झालं, सगळं फिनाइलने धुवून काढलं तरी तीन दिवस वास गेला नाही. उपाय म्हणजे वळ्यांचा पाईप काढून टाकायचा आणि आतून गुळगुळीत असलेला कडक पीव्हीसी पाईप नहाणी ट्रॅपमध्ये जाळीच्या खालपर्यंत न्यायचा, जाळीला तेवढं भोक पाडून. बाजूची फट रबरी रिंगने बंद करायची, नाहीतर झुरळं येतात.

तिसरा प्रकार ड्राय बाल्कनीतल्या सिंकचा. तिथे पाईप कधी कधी बाहेरच्या पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडलेला असतो. हा पाईप ड्रेनेजला जात नाही, तो पावसाळी गटारात आणि तिथून नाल्यात जातो. तिथे डिस्पोजर मुळीच बसवू नका. घाण नदीत जाते, आणि खाली लगदा साचून उंदीर होतात. आधी पाईप बदला, नाहीतर विचार सोडून द्या.

चौथा, बंगला किंवा रो हाऊस, जिथे सगळं सेप्टिक टँकमध्ये जातं. टँकमध्ये गाळ जास्त वेगाने भरतो आणि टँक आधीपेक्षा लवकर उपसावा लागतो. टँक लहान असेल तर माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नका, तुमच्याकडे अंगण आहे, कंपोस्टचा खड्डा करा, तो जास्त चांगला.

जुन्या बिल्डिंगमध्ये अजून एक गोष्ट बघायची. तिथे संडासचा पाईप वेगळा आणि किचन-बाथरूमच्या पाण्याचा वेगळा असतो, आणि हा दुसरा पाईप खाली गेल्यावर चेंबरच्या आधी गली ट्रॅपमध्ये (जमिनीतला पाणी साठलेला छोटा खड्डा) पडतो, त्यावर पण जाळी असते. तिथे आधीच तेल आणि साबणाचा थर असेल तर तुमचा लगदा त्याच्यावर बसणार आणि तळमजल्यावाले तुमच्या दारात येणार. आम्ही वॉचमनला सांगून ती जाळी आधी साफ करून घेतली आणि आता दर महिन्याला त्यांना पैसे देऊन साफ करून घेतो. हा खर्च धरूनच चाला.

३. सोसायटीला विचारा

तोंडी विचारू नका, साधा अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. सोबत मशीनचं माहितीपत्रक जोडा आणि कुठल्या पाईपलाइनला जोडणार ते एका ओळीत लिहा. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर तो चालवणाऱ्या माणसाशी बोला, कारण खरकट्याचा सगळा भार त्या प्लांटवर येतो आणि लहान प्लांटला ते झेपेलच असं नाही. ते नाही म्हणाले तर वाद घालू नका, त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी, कारण सिंकचं भोक मोठं करावं लागू शकतं आणि ते परत लहान होत नाही.

४. मापं घ्या

- सिंकच्या भोकाचा व्यास. डिस्पोजरला साधारण ९० मिमी म्हणजे साडेतीन इंच लागतो. आपल्याकडच्या जुन्या स्टील सिंकचं भोक बरंच लहान असतं, ते कापावं लागतं. काही नव्या सिंकचं उलट मोठं असतं, तिथे ॲडाप्टर रिंग लागते. कपलिंग (भोकात बसवलेला जाळीचा जोड) काढून मोजा, वरून अंदाजाने नको.
- सिंकच्या तळापासून कपाटाच्या तळापर्यंतची उंची. मशीनच एक ते सव्वा फुटाचं असतं, शिवाय पाइपाला जागा.
- मशीनच्या बाहेर पडायच्या तोंडाची उंची (ही माहितीपत्रकात असते) आणि तुमच्या भिंतीतल्या पाइपाची उंची. भिंतीतला पाईप खालीच असला पाहिजे. तो वर असेल तर मशीनमध्ये पाणी साचून राहतं आणि कुजतं. खोल सिंक असलेल्यांनी हे दोनदा मोजा.
- सिंकखाली अजून काय आहे? आरओ, डस्टबिनची ट्रॉली, गॅस सिलेंडर. सिलेंडर तिथे असेल तर आधी तो हलवा, तिथे विजेचं बटण आणि मोटर नको.

सिंक ओट्याला कसा बसवलाय तेही हात लावून बघा. ग्रॅनाइटच्या खालून नुसत्या सिलिकॉनवर चिकटवलेला असेल तर मशीनचं पाच-सात किलो वजन आणि रोजची थरथर त्याला सोसत नाही, सहा महिन्यांत कडा सुटायला लागतात. खालून दोन लोखंडी अँगल लावून सिंकला आधार द्या.

५. मशीन कुठलं घ्यायचं

चार माणसांच्या घराला अर्धा एचपी (हॉर्सपॉवर, मोटरची ताकद) पुरतो. घरात मटण-मासे नेहमी होत असतील किंवा माणसं जास्त असतील तर पाऊण. एक एचपी घेऊन सगळं दळता येईल असं दुकानदार सांगतात, पण दळलेलं जातं त्याच पाइपातून, पाईप काही मोठा होत नाही.

आतले भाग स्टेनलेस स्टीलचे आहेत ना बघा. बटण दाबल्यावर चालू राहणारा एक प्रकार, आणि झाकण लावून फिरवल्याशिवाय सुरूच न होणारा दुसरा. घरात लहान मुलं असतील तर दुसराच घ्या, थोडा महाग पडला तरी. बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि इन्स्टॉलेशन त्यांच्याच माणसाने करायची अट आहे का, हे तिन्ही घेतानाच विचारा.

६. सामान आणि हत्यारं आधी आणून ठेवा

४० मिमी कडक पीव्हीसी पाईप, एल्बो आणि पी-ट्रॅप, म्हणजे पाणी साठून वास अडवणारा वाकडा पाईप (वळ्यांचा फ्लेक्झिबल पाईप नाही), प्लंबर पुट्टी किंवा सॅनिटरी सिलिकॉन, टेफ्लॉन टेप, पीव्हीसी सोल्युशन, मोठा पान्हा, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, हॅकसॉ, बादली, जुने कपडे, टॉर्च. भोक कापायचं असेल तर ड्रिलला लावायचा धातू कापणारा होल सॉ, तो प्लंबरकडे नसतो, फॅब्रिकेशनवाल्याकडे असतो, त्यामुळे त्याला आधी फोन करून ठेवा. आणि मशीनखाली टेकू द्यायला रंगाचा रिकामा डबा आणि चार जाड पुस्तकं.

७. विजेचं काम आधी

प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियन. सिंकखाली अर्थिंग असलेला पॉइंट हवा, जमिनीपासून उंच आणि पाइपाच्या जोडाच्या बाजूला, खाली नाही. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. घरात आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या, पाणी आणि वीज एकाच कपाटात येणार आहेत, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

बटणासाठी मी एअर स्विच घेतला. ओट्यावर एक छोटं बटण असतं, त्यातून हवेची बारीक नळी खाली जाते, वरच्या बटणात वीज नसतेच, त्यामुळे ओल्या हाताने दाबलं तरी भीती नाही. आपल्याकडे भांडी घासताना हात ओलेच असतात. ग्रॅनाइटला भोक पाडावं लागतं तेवढंच. विजेच्या बिलाची काळजी नको, अर्धा एचपी म्हणजे पावणेचारशे वॅटच्या आसपास, दिवसाला दोन मिनिटं चाललं तर महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही.

८. बसवायची पद्धत

पाणी बंद, मेन स्विच बंद, जुनं कपलिंग आणि पाईप काढा. भोकाच्या कडेला जुनं व्हाइट सिमेंट, एम-सील जे काय असेल ते पूर्ण खरवडून कोरडं पुसा. भोक कापायचं असेल तर ड्रिल सावकाश चालवून, मधे मधे तेलाचा थेंब टाकत कापा आणि कडा घासून घ्या, बोटं कापतात.

मग फ्लँज, म्हणजे वरून दिसणारी स्टीलची रिंग. तिच्या खालच्या बाजूला पुट्टीची बोटाएवढी वळी करून लावा आणि वरून दाबून बसवा. क्वार्ट्झ किंवा संगमरवराचा सिंक असेल तर पुट्टीने डाग पडतो, तिथे सिलिकॉन वापरा. खालून आधी रबरी किंवा फायबरचं गॅस्केट, मग लोखंडी रिंग, मग तीन स्क्रूवाली रिंग, आणि शेवटी ती सगळी धरून ठेवणारी स्प्रिंगसारखी बारीक रिंग. ही बारीक रिंग खाचेत बसवणं हे या कामातलं सगळ्यात चिवट काम आहे, एका माणसाने वरून फ्लँज दाबून धरावी आणि दुसऱ्याने खालून रिंग चढवावी. तिन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एकच स्क्रू पूर्ण आवळला तर फ्लँज तिरकी बसते.

इथे आमच्या प्लंबरने सवयीने पुट्टीच्या जागी एम-सील लावलं. साध्या कपलिंगला ते वर्षानुवर्षं टिकतं, पण हे मशीन रोज थरथरतं आणि कडक झालेल्या एम-सीलला बारीक चीर गेली. पाणी थेंबथेंब गळत होतं, आम्हाला कळलं तेव्हा ट्रॉलीचा प्लायवूड फुगला होता. त्यामुळे प्लंबर कितीही अनुभवी असू दे, तो काय लावतोय ते समोर उभं राहून बघा.

डिशवॉशर असेल तर मशीनच्या बाजूच्या नळीच्या तोंडात एक प्लास्टिकची बुच असते, ती स्क्रू ड्रायव्हर ठोकून आधी काढा आणि आत पडलेला तुकडा बाहेर घ्या. डिशवॉशर नसेल तर तिला हात लावू नका, तिथून पाणी येईल.

आता डब्यावर पुस्तकं ठेवून मशीन वर आणा, तिन्ही कान खाचेत घाला आणि फिरवून लॉक करा, टक असा आवाज येतो. मग बाहेरच्या तोंडाला एल्बो, त्याला पी-ट्रॅप, तिथून भिंत; पाईप नहाणी ट्रॅपमध्ये जाणार असेल तर मधे पी-ट्रॅप नको. उतार एका फुटाला पाव इंच तरी पाहिजे. वळणं कमीत कमी, आणि एका लाइनला ट्रॅप एकच. बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप आधीचा असेल तर काढून टाका, लगदा त्याच्या तळाशी बसतो. दोन भांड्यांचा सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचा पाईप टीने जोडताना आत पडदी असलेला टी घ्या, नाहीतर मशीन चालू केलं की घाण पाणी शेजारच्या भांड्यात वर येतं.

९. टेस्ट

सिंकला बुच लावून काठोकाठ भरा आणि अर्धा तास तसंच ठेवा, खाली प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा. कागद ओला झाला की गळती कुठे ते लगेच दिसतं, हाताने चाचपून कळत नाही. मग बुच काढून सगळं पाणी एकदम जाऊ द्या, परत कागद बघा. हे झाल्यावरच वीज चालू करून मशीन पाण्यासकट चालवा. प्लंबरला पैसे या टेस्टनंतर द्या.

१०. रोज कसं वापरायचं

गार पाण्याचा नळ आधी, मग बटण, मग खरकटं थोडं थोडं. दळल्याचा आवाज थांबून नुसता गुंऽऽ आवाज आला की बटण बंद, पण पाणी अजून पंधरा-वीस सेकंद चालू ठेवा. लगदा मशीनमधून गेला तरी पाइपातून पुढे जायला हे पाणी लागतं, आणि बहुतेक जण इथेच नळ बंद करतात. गरम पाणी नको, त्याने तूप-तेल वितळतं आणि पुढे पाइपात जाऊन थिजतं. एका वेळेला चार-पाच लिटर पाणी जातं. उन्हाळ्यात पाणीकपात असते तेव्हा आम्ही तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून तेच धार धरून ओततो, चालतं.

शिळी भाजी, पोळीचे तुकडे, फळांच्या मऊ साली, चहाचा चोथा, डाळ, कोंबडीची बारीक हाडं, छोट्या माशांचे काटे हे सगळं जातं. भात थोडा थोडाच, खूप भात एकदम टाकला तर पाइपात फुगून खळीसारखा चिकटतो. बटाट्याच्या सालींचंही तसंच.

हे मात्र कधीच नको: शेवग्याच्या शेंगांचा चोथा, अळूची देठं, मक्याची सालं आणि कणसं, उसाची चिपाडं, फणसाचा चारखंडाचा भाग, नारळाच्या शेंड्या आणि करवंटी, आंब्याची कोय, केळीच्या पानाचे तुकडे, मटणाची नळी, तिसऱ्यांच्या शिंपल्या, खेकड्याची कवचं, कांद्या-लसणाची पातळ सालं, आणि कुठलंही तेल. निर्माल्य तर नाहीच, हाराचा दोरा तबकडीला गुंडाळतो. गणपतीत आमच्याकडे पाहुण्याने चांगल्या मनाने टाकला होता.

म्हणजे ओल्या कचऱ्याचा डबा पूर्ण बंद होत नाही, तो लहान होतो. आमच्याकडे राहिलेलं गच्चीतल्या कंपोस्टच्या बादलीत जातं, तिथे जे कुजत नाही ते ताईंना वेगळं करून देतो.

११. मावशींना शिकवा

मशीन तुम्ही घेतलंत तरी दिवसातून दोन वेळा ते वापरणार मावशी. त्यांच्याबरोबर उभं राहून चार दिवस दाखवा, घाईत एकदा सांगून होत नाही. आमच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं की आधी सिंकमधले चमचे मोजून बाहेर काढायचे आणि मग बटण, आणि तोच नियम आम्ही सगळ्यांनी घेतला. चमच्यापेक्षा जास्त घात करतात त्या बारीक गोष्टी: तारेची घासणी, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. आमच्याकडे ओट्यावर या तीन गोष्टींसाठी एक वाटी ठेवलीये.

वास यायला लागला तर बर्फाचे खडे, मूठभर खडे मीठ आणि लिंबाची सालं टाकून चालवा. वास बहुतेक वेळा भोकावरच्या काळ्या रबरी पडद्याच्या खालच्या बाजूला असतो, प्लग काढून जुन्या टूथब्रशने तो घासा. ड्रेन साफ करायची पावडर किंवा ॲसिड मशीनमध्ये ओतू नका.

१२. अडकलं तर

बटण दाबल्यावर नुसता घूं आवाज येतोय आणि फिरत नाहीये, म्हणजे काहीतरी अडकलंय. लगेच बंद करा. खाली वाकून प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. हात कधीही आत घालायचा नाही, टॉर्चने बघा आणि लांब चिमट्याने जे आहे ते काढा. बऱ्याच मशीनच्या बुडाला मधोमध एक षटकोनी खाच असते, त्यात सोबत आलेली ॲलन की घालून मागे-पुढे फिरवा, तबकडी मोकळी होते. खाच नसेल तर वरून लाटण्याच्या टोकाने तबकडी ढकला.

पाच-दहा मिनिटं मोटर थंड होऊ द्या, बुडाचं लाल रिसेट बटण आत दाबा, मग प्लग लावा, आधी नळ, मग बटण. रिसेट दाबूनही काहीच आवाज नसेल तर एमसीबी बघा, आणि तरीही नाही तर सर्व्हिसवाल्याला बोलवा, उघडायला जाऊ नका, वॉरंटी जाते. आणि ती ॲलन की ड्रॉवरमध्ये टाकू नका, सिंकखालच्या दाराला आतून दोऱ्याने बांधून ठेवा, मावशींनाही कुठे आहे ते माहीत असू दे.